एकतीस टक्के शिल्लक

२ फेब्रुवारी, रविवार. विटा

रहिमतपूरहून सकाळची एसटी मिळाली. पुसेसावळी, कडेगाव करत साडेअकराला विट्यात उतरलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, तरी खिडकीजवळची जागा मिळाल्याने प्रवास बरा झाला. घर शोधावं लागलं नाही. स्टँडवर नाथाजीअण्णांचं नाव घेतलं आणि रिक्षावाल्याने पुढचं काही विचारलंच नाही.

घर गलाईवाल्यांचं असतं तसं आहे. जिन्याला काचेचा कठडा, खाली ग्रॅनाइट, आणि राहायला माणसं दोनच. अण्णांनी पस्तीस वर्षं तिकडे दक्षिणेत सेलमला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान चालवलं. आता ते मुलगा जयराज बघतो. इथे अण्णा आणि सून सोनम. सोनमताई खानापूरच्या शाळेत शिकवतात, सकाळी दहाला निघतात, साडेपाचला परततात. तेवढा वेळ अण्णांजवळ माणूस हवा होता, आणि तो मशीनची माहिती असलेला हवा होता. म्हणून मला बोलावलं.

अण्णांना बारा वर्षांपासून कंपवात आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन झालं. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत काड्यापेटीएवढी पेटी आहे. तिच्यातून वायर मानेतून वर मेंदूपर्यंत जाते आणि तिथे सतत बारीक करंट देते. तो करंट आहे तोवर अण्णा चालतात, जेवतात, पत्ते पिसतात. पेटीची बॅटरी बाहेरून चार्ज करायची असते.

माझी पत्नी आम्रपाली हिलाही असंच मशीन होतं, पण न चार्ज होणारं. ती जूनमध्ये गेली. सोनमताईंनी त्याबद्दल जास्त विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "म्हंजे लाईट घालवणारा तूच व्हय." तेव्हापासून मला ऑपरेटरच म्हणतात. दुपारी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. आठ महिन्यांत असं झालं नव्हतं.

ही वही मी माझ्यासाठीच आणली आहे. अठ्ठावीस वर्षं दर तासाला रजिस्टरमध्ये नोंद केली, हाताला सवय आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सोनमताईंनी सगळं समजावून दिलं. चार्जरची एक चकती आहे, ती बनियनसारख्या जाकिटाच्या खिशात घालून पेटीवर बसवायची. एक दिवसाआड तासभर. चकती थोडी गरम होते. रिमोट पेटीजवळ धरला की बॅटरी किती टक्के ते दिसतं. दिवसाला पंचवीसेक टक्के उतरते. पंचवीसच्या खाली जाऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. एकदम बंद पडलं तर अंग आखडतं, गिळता येत नाही, श्वासही अडकू शकतो.

सकाळी ९ वाजता ७८ टक्के.

कपाटात मशीनचं इंग्रजी पुस्तक आहे, दीडशे पानांचं. चाळून परत ठेवलं. बॅटरीचं मला कोणी शिकवावं असं वाटलं नाही.

अण्णा पत्त्यांत उघड फसवतात आणि पकडलं की तमिळमध्ये शिव्या देतात. अर्थ विचारला तर म्हणाले, देवाचं नाव हाय ते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनदा पूर्ण वेळ चार्ज करूनही ८२ च्या वर जात नाही. पूर्वी शंभर व्हायची, असं सोनमताई सांगतात.

हे मला नवीन नाही. उपकेंद्रात पंचावन्न सेलांचा बॅटरी सेट होता. रोज थोडा उतरायचा, रोज थोडा भरायचा. असं वर्षभर चाललं की सेल आळशी होतात. मग एक दिवस सेट पूर्ण उतरवायचा आणि सावकाश पुन्हा भरायचा. दरवर्षी हे काम मी स्वतः करायचो. इथेही एकदा पूर्ण उतरवून भरावी, असं मी सुचवलं. पाच मिनिटं बंद राहील, लगेच चकती लावू. सोनमताई म्हणाल्या, डॉक्टरांना विचारायला नको का? मी म्हणालो, यात विचारण्यासारखं काही नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला आहे.

दुपारी दोन वाजले की मला एका जागी बसवत नाही. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून जिना, पुन्हा हॉल. आम्रपाली गेल्यापासून हे आहे. अण्णा आज म्हणाले, "ऑपरेटर, बूड टेकव की जरा. तुझ्याकडं बघून माझंच पाय दुखाय लागलं."

१० फेब्रुवारी, सोमवार

आज उतरवली. शुक्रवारपासून चार्ज केलं नव्हतं. सकाळी ९ ला १४ टक्के, १२ ला ७. दुपारी १.५५ ला बंद.

मी लगेच चकती लावली, पण चार्जरला पेटी सापडेना. पूर्ण उतरलेली पेटी जागी व्हायला वेळ घेते, हे मला माहीत नव्हतं. आधी अण्णांचे हात थरथरले, मग थरथर थांबली आणि ते लाकडासारखे झाले. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. श्वास चालू होता, तो मी मोजत बसलो. सोनमताईंना फोन करावा असं दोन-तीनदा वाटलं. केला नाही.

बरोबर पाच वाजता मशीन चालू झालं.

अण्णांनी पाणी मागितलं, प्यायले. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो. "एका खोलीत हुतो गड्या. खिडकीतनं उजेड येत हुता. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बाई बसलीया, हिरवं पातळ नेसून. मांडीवर चहाचा कप पालथा पडलेला. तिला तो उचलता येईना, आन् मला बी उठता येईना. सारखी इचारायची, वाजलं किती."

मी म्हणालो, झोपेत दिसलं असेल. सोनमताईंना मी म्हटलं, थोडा वेळ लागला, बाकी ठीक.

रात्री जेवण गेलं नाही. बॅटरी मात्र ९७ पर्यंत भरली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे कोणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहितो.

आम्रपालीच्या पेटीची बॅटरी संपली की पेटीच बदलावी लागली असती. म्हणजे पुन्हा ऑपरेशन. पहिल्या ऑपरेशनची तिने धास्ती घेतली होती. म्हणून बॅटरी पुरवायची, असं मी ठरवलं. दुपारी ती तशीही आडवीच होते, मग दोन ते पाच मशीन बंद ठेवायचं. रोजचे तीन तास वाचले तर वर्षभर सहज वाढेल, असा माझा हिशेब. तिला विचारलं तेव्हा तिने मान हलवली. ती होकाराची होती की मान थरथरली, ते मला आजही माहीत नाही.

बंद केलं की ती आखडायची. बोलता यायचं नाही. जाताना मी सांगायचो, पाचला चालू करतो. ती डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ शोधायची.

अकरा जूनला दोनला पाच मिनिटं कमी असताना मी तिला खुर्चीत बसवून चहा दिला. बाजारात जायची घाई होती. तिच्या हातात कप असतानाच रिमोट दाबला आणि बाहेर पडलो. पाऊस आला म्हणून एका दुकानात थांबलो. पाचला आलो तेव्हा ती गेलेली होती. घोट घशात अडकला होता. पातळ हिरवं होतं. कप मांडीवर पालथा होता.

मी मशीन चालू केलं. का केलं, सांगता येत नाही. रिमोटवर आलं: चालू. बॅटरी ३१ टक्के शिल्लक.

चितेच्या आगीत पेटी फुटते म्हणून डॉक्टरांनी ती आधी काढून घेतली. सगळ्यांना मी सांगितलं, चहा पिताना ठसका लागला. ते खरंच होतं. मशीन बंद होतं, हे कोणालाच सांगितलं नाही. ती खुर्ची आठवडाभरात भंगारात दिली.

विट्यात हे कोणाला माहीत असणं शक्य नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अण्णांशी पत्ते खेळताना सहज विचारलं, ती बाई दिसायला कशी होती. अण्णांनी पत्ते खाली ठेवले. म्हणाले, कपाळ मोठं, डाव्या भुवईत एक भेग, जुनी, लागल्याची. "पर तू कशाला इचारतोस?"

भुवईची भेग खरी आहे. लहानपणी हौदावर पडली होती.

झोप नाही. पहाटे गच्चीत फिरलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मी वाईट वागलो.

शाळेची शिवजयंतीची मिरवणूक होती, सोनमताई सात वाजताच गेल्या, संध्याकाळीच परतणार होत्या. गेले चार दिवस मी चार्ज केलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा केलं म्हणालो. अण्णांना सांगितलं, मशीनला पुन्हा एकदा पूर्ण उतरवावं लागतं. अण्णांनी माझा दंड धरला. "न्हाई गड्या. मला त्या खोलीत नगं धाडू. लय गार हाय तिथं." मी म्हणालो, मशीनच्या भल्यासाठीच आहे. आणि हेही म्हणालो, की गेलात तर तिला एवढंच विचारा, रागावली आहे का.

अण्णांना तेव्हाच कळलं. त्यांनी हात सोडला.

दोनला बंद. पाचला चालू. मधले तीन तास मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी शेवटी ते घुसमटल्यासारखे करत होते. घशात लाळ जमली होती, ती मी पुसली नाही, कारण मला वाटत होतं की ओठ हलतील.

चालू झाल्यावर अण्णा रडले. मग सांगितलं. "रागबिग काय न्हाई म्हणती. म्हणती, मी रोज तीन-तीन तास हलले न्हाई, तवा त्याची बॅटरी वाचली. आता त्यानं बसावं."

मी विचारलं, कुठे बसावं? अण्णा म्हणाले, तू मला आता काय इचारू नगंस.

संध्याकाळपासून त्यांना खोकला आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णांना ताप. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, लाळ छातीत उतरली असावी म्हणाले. औषध सुरू आहे. पत्ते बंद. मला ऑपरेटर म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत.

मशीनचं पुस्तक बाहेर काढलं. पान ८८. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये. अशी तीनदा उतरली तर पेटी कायमची बंद होते, नंतर कोणत्याही चार्जरने चालू होत नाही.

तीनदा. त्यातल्या दोन वेळा मी वापरल्या.

सोनमताईंना अर्धंच सांगितलं. बॅटरी बिघडली आहे, पुण्याला दाखवायला हवं. त्यांनी लगेच फोन केला, मंगळवारची वेळ मिळाली. माझे आभार मानले, की काका, तुमच्यामुळे वेळेत लक्षात आलं.

मंगळवारपर्यंत चार दिवस.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चार्ज टिकत नाही. सकाळी ९ ला ९० होती.

११ ला ७७. मी अंगणात फेऱ्या घालत होतो.
१२ ला ७०.
१ ला ६१. खुर्चीत डुलकी लागली.
१.४० ला ६९.

शेवटची नोंद तीनदा तपासली. चार्जर लावलेला नव्हता. चकती कपाटात होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

रजिस्टरची सवय म्हणून आकडे समोरासमोर मांडले. मांडायला नको होते.

मी जिना चढलो, तीन टक्के गेले. मी अंघोळ केली, दोन गेले. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसलो, तीन वाढले. सोनमताई घरभर वावरतात, त्याने काही होत नाही. फक्त माझ्याने.

हे कोणाला सांगणार. लिहिताना हात हलतो. या चार ओळींत एक टक्का.

सोनमताईंना म्हणालो, उद्या शाळेत जाऊ नका. दहावीची परीक्षा आहे, जावंच लागेल, म्हणाल्या. अण्णांची मान धरून पेज भरवत होत्या. म्हणाल्या, परवा पुण्याला जातोच आहोत, एक दिवसाचा प्रश्न आहे. तुम्ही आहात ना काका.

मी आहे. तेच सांगायचं होतं, सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी १०. ५८ टक्के. चकती लावली आहे. सोनमताई गेल्या.

११.३०. ४५. चार्जरचा हिरवा दिवा चालू, पण आकडा उतरतोच आहे. मी बसलेलो आहे. बसवत नाही. पायात मुंग्या, मांड्यांत वळवळ, उठावं असं सारखं —

उठलो. दारापर्यंत गेलो. ४१.

१२.३०. ३३. अण्णांचे हात थरथरायला लागले. त्यांनी मला जवळ बोलावलं, पाच दिवसांत पहिल्यांदा. हळू आवाजात म्हणाले, "ती दारात आलीया. मला न्हाई, तुलाच बोलावती." मी म्हणालो, तुम्हाला काही होऊ देणार नाही. ते म्हणाले, "आरं मग बस की गड्या. किती पळशील?"

१.१५. २४. सोनमताईंना फोन केला, पुण्याच्या डॉक्टरांना केला. ते म्हणाले, बंद पडू देऊ नका, छातीत आधीच कफ आहे, या वेळी श्वास टिकणार नाही. आडवं करू नका, तसेच इकडे आणा. सांगलीहून ऑक्सिजनची गाडी निघाली आहे. दीड तास तरी लागेल. सोनमताई खानापूरहून मिळेल त्या एसटीने निघतायत. फोन करताना फिरत होतो. १७.

१.४०. ११. अण्णांची बोटं आखडली. तोंड उघडं. घशात खरखर.

१.५५. ६.

खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो. हात मांडीवर. पाय जुळवून. रिमोट त्यांच्या छातीपाशी उशीला टेकवला आहे, मला दिसेल असा. वही मांडीवर.

बसलो आणि आकडा थांबला. ६.

२.१०. ७. मी हललो नाही. ८.

पायाला काहीतरी चावतं आहे. बघायचं नाही.

२.२५. १३. अण्णांचा श्वास मोकळा झाला. खरखर कमी.

फोन वाजतो आहे. टेबलावर आहे, दोन हातांवर. घेता येत नाही. वाजू दे.

२.३५. १७. मांडीवर कोमट काहीतरी पसरतं आहे. वहीचा खालचा कोपरा ओला झाला. मान वाकवली नाही. वास चहाचा आहे.

सोनमताई, हे तुमच्यासाठी. दोन्ही वेळा बॅटरी मीच उतरवली. दुसऱ्या वेळी मुद्दाम. बारा तारखेचं पान वाचा, मग कळेल. डॉक्टरांना सगळं सांगा. चकती काढू नका. गाडी आली की अण्णांना आधी न्या, मला हलवू नका. ते पुण्याला पोचेपर्यंत मला कोणी

एवढं लिहिलं त्यात १७ चे ११ झाले.

मान वळत नाही. मी वळवत नाही, की वळत नाही, सांगता येत नाही. अक्षर बारीक होत चाललंय. तिचंही असंच —

१२.

अण्णा माझ्याकडे बघतायत. डोळे भरलेत. बोलले, हळू, पण स्पष्ट. "वाईच कळ काढ. मी हाय."

खाली गाडीचा आवाज. आपली नव्हे.

१४. लिहिलं की उतरतं. आता लिहायचं नाही. पेन खाली ठेवायचं तरी हात हलवावा लागेल, म्हणून तसंच धरून